पाकिटातले पाच कोटी आणि लेकीचं कॉलेज

या वेळचं पत्र औसा तालुक्यातल्या एका शेतकरी बापाचं आहे. लांब होतं, थोडं कमी करून देते.

«मॅडम, सहा एकर कोरडवाहू आहे. खरिपात सोयाबीन, मागं हरभरा. मुलीनं बारावीनंतर नीट दिली, मार्क कमी पडले. मी म्हणतो अजून एक वर्ष लातूरला राहून रिपीट कर. ती म्हणते, बाबा, आता क्लास नको, मी बी.एस्सी. करते मायक्रोबायोलॉजी घेऊन. कॉलेजात जाऊन विचारलं तर क्लार्क म्हणाले, सूक्ष्मजीवशास्त्र, म्हणजे जंतूंचा अभ्यास. घरी सांगितलं तर सगळे हसले. तिची मावशी म्हणाली, जंतू मारायचं औषध बाटलीत मिळतंय, त्याला तीन-चार वर्षं कशाला घालवायची? मला हसू आलं नाही, पण उत्तरही आलं नाही. या विषयात नेमकं असतं काय, आणि पोरीचं त्यात भलं होईल का, ते सरळ सांगा.»

भाऊ, नमस्कार.

मी हा विषय तीस वर्षांच्या वर शिकवला, तेव्हा माझं माप थोडं इकडे झुकलेलं असणार, हे धरूनच वाचा.

आधी मला सांगा, पेरणीच्या आदल्या दिवशी तुम्ही काय करता? ताडपत्रीवर बियाणं पसरता. गुळाचं पाणी उकळून गार केलेलं असतं, ते शिंपडता. मग रायझोबियमचं पाकीट फोडून ती काळी पावडर बियाण्याला हलक्या हातानं चोळता, कारण जोर लावला तर सोयाबीनचं साल सुटतं आणि उगवण जाते. आणि मग बियाणं सुकवता सावलीत. उन्हात का नाही? बुरशीनाशक आधी आणि जिवाणू सगळ्यात शेवटी, हा क्रम का? कृषी सहायक तुम्हाला 'एफआयआर' म्हणून पाठ करायला लावतात ना: आधी फंगीसाइड, मग इन्सेक्टिसाइड, मग रायझोबियम.

कारण त्या पाकिटात जे आहे ते जिवंत आहे. काळी पावडर म्हणजे नुसता लिग्नाइट, एक प्रकारचा कोळसा, त्यांना बसायला दिलेलं घोंगडं. त्यात बसलेत ते जिवाणू. उन्हात मरतात, औषधानं मरतात, मुदत उलटली तरी मरतात. तुम्ही म्हणता 'जंतूंचा अभ्यास', आणि दर जूनमध्ये अडीचशे ग्रॅम जंतू पैसे देऊन विकत आणून स्वतःच्या हातानं रानात सोडता.

ते तिथं करतात काय, हे तुम्हाला निम्मं माहीत आहे. हवेत 78 टक्के नायट्रोजन आहे, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही, जसं समुद्राकाठी बसून तहान भागत नाही. युरियासाठी लागणारा अमोनिया कारखान्यात करायचा तर 400 अंशांच्या वर तापमान आणि हवेच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. हा जिवाणू तेच काम सोयाबीनच्या मुळावरच्या गाठीत बसून करतो, तुमच्या रानाच्या साध्या तापमानाला. बदल्यात झाडाकडून साखर घेतो. बटईचा व्यवहार आहे, दोघांचंही पोट भरतं. गाठ नखानं फोडली आणि आतून गुलाबी-लालसर निघाली तर कामगार कामावर आहेत. पांढरी किंवा हिरवट निघाली तर नुसतीच गाठ. तो लाल रंग ज्या प्रथिनाचा, ते आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं भावंड आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येते. सरकारी निकष असा की अशा पावडरीच्या एका ग्रॅममध्ये किमान 5 कोटी जिवंत जिवाणू हवेत. म्हणजे तुमच्या अडीचशे ग्रॅमच्या पाकिटात साडेबाराशे कोटी. आहेत की नुसताच कोळसा विकलाय, हे मोजतं कोण?

मायक्रोबायोलॉजी शिकलेली कुणाची तरी लेक मोजते. कसं, ते सांगते. कारण निम्मा विषय या एका मोजणीत आहे. एक जिवाणू मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. डोळ्याला दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो पण मेलेला आणि जिवंत सारखेच दिसतात. म्हणून ती एक ग्रॅम पावडर नऊ मिली निर्जंतुक पाण्यात घालून हलवते. त्यातलं एक मिली दुसऱ्या नळीत, नऊ मिली पाण्यात. त्यातलं एक मिली तिसऱ्या नळीत. प्रत्येक वेळी दहापट पातळ. सहाव्या नळीतल्या एका मिलीत त्या ग्रॅमचा दहा लाखावा हिस्सा उरतो. तो ती काचेच्या बशीत, खळीसारख्या घट्ट अन्नावर ओतते आणि उबेला ठेवून देते. एकटा जिवाणू दिसत नाही, पण एकाचे दोन, दोनाचे चार करत त्याचं एका जागी गावच वसलं की टिपका दिसतो. सोयाबीनचा रायझोबियम संथ गडी आहे, त्याला आठवडाही लागतो. मग ती टिपके मोजते. 50 भरले? 50 गुणिले दहा लाख, म्हणजे 5 कोटी. पाकीट पास. 5 भरले? तुमची फसवणूक होत होती, आणि तिनं ती पकडली.

ना दुर्बिणीची जादू, ना औषधाची बाटली. काच, पाणी, पाढे आणि वाट बघण्याची तयारी. दवाखान्यातली लघवीची तपासणी, डेअरीतलं दूध, विहिरीचं पाणी, सलाइनची बाटली, सगळीकडे हेच थोडं फिरवून चालतं. गावात पाण्यात टीसीएल पावडर टाकल्यावर ते पाणी खरंच पिण्याजोगं झालं का, हे ग्रामपंचायतीच्या शिपायाला बघून कळत नाही. कुणीतरी नळ्या लावाव्याच लागतात.

बशीतली ती खळ म्हणजे अगार. त्याची गोष्ट तुमच्या घरातल्या बायकांना मुद्दाम सांगा. 1881 च्या सुमाराला जर्मनीत रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जिवाणू जिलेटिनवर वाढवत. उन्हाळा आला की जिलेटिन वितळायचं, काही जिवाणू तर ते खाऊनच टाकायचे, सगळा खेळ पाण्यात. तिथं काम करणाऱ्या वाल्टर हेस यांची बायको, फॅनी हेस, म्हणाली, माझी जेली उन्हाळ्यात कशी उभी राहते बघा, मी त्यात अगार घालते. जावा बेटावर राहून आलेल्या ओळखीच्या कुटुंबाकडून तिनं ते शिकलं होतं. समुद्री शेवाळाचा तो पदार्थ आपल्याकडे चायना ग्रास म्हणून मिळतो, त्याचा हलवा करतात. 1882 च्या मार्चमध्ये कॉख यांनी क्षयाचा जिवाणू जाहीर केला आणि लवकरच जगभरच्या प्रयोगशाळा अगारवर आल्या. आजही तेच वापरतो. स्वयंपाकघरातून आलेली इतकी मोठी गोष्ट दुसऱ्या कुठल्या शास्त्रात मला तरी माहीत नाही, आणि फॅनीबाईंचं नाव मात्र परीक्षेत दोन मार्कांनाही येत नाही.

माझ्या पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी पहिलं प्रॅक्टिकल नेहमी एकच द्यायचे: घरून चमचाभर दही आणा. काचपट्टीवर दह्याचा ठिपका पसरायचा, सुकवायचा, ज्योतीवरून दोन-तीनदा फिरवायचा. मग जांभळा रंग, आयोडीन, अल्कोहोलनं धुणं, शेवटी लाल रंग. 1884 मध्ये ग्राम नावाच्या डॅनिश डॉक्टरनं काढलेली पद्धत, आम्ही नुसतं 'ग्राम' म्हणतो. तेलाचा थेंब टाकून शंभराची लेन्स लावली की जांभळ्या मण्यांच्या माळा आणि मधूनच जांभळ्या काड्या दिसतात. एक मुलगी, तुमच्या लेकीसारखीच गावाकडून आलेली, डोळा न काढता म्हणाली, «मॅडम, आईचं विरजण असं दिसतं?» घरात वर्षानुवर्षं एकाच भांड्यातून पुढे चाललेलं विरजण. तिच्या आईनं, आजीनं नकळत एक कल्चर, म्हणजे जिवंत जिवाणूंचा साठा, राखलं होतं, बँकेसारखं. पुण्यात हेच काम दोन राष्ट्रीय संस्था करतात, हजारो सूक्ष्मजीव गोठवून, वाळवून, नाव-गाव लिहून सांभाळून ठेवतात.

आणि दावणीला जी गाय आहे ना, तिला स्वतःला कडबा पचवता येत नाही. कडब्यातलं सेल्युलोज तोडायचं काम तिच्या पहिल्या पोटातले सूक्ष्मजीव करतात; गाय त्यांच्यासाठी चालतं-फिरतं पिंप आहे. गोबरगॅसच्या टाकीत शेवटचा मिथेन करणारे त्याच गोतावळ्यातले. ते तर जिवाणूही नाहीत, आर्किया नावाची वेगळीच शाखा आहे. जून 2020 मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं तेव्हा पेपरात काय काय छापून आलं. पुण्याच्या आघारकर संस्थेनं पाणी तपासलं आणि कारण निघालं हेच: पाणी आटून खारटपणा वाढला आणि मिठात रमणारे गुलाबी आर्किया फोफावले. तुमच्या-माझ्या अंगातही अंदाजे 38 लाख कोटी जिवाणू आहेत, आपल्या स्वतःच्या पेशींहून थोडे जास्तच. सगळे मिळून वजन पाव किलोच्या आत. मावशीची बाटली या सगळ्यांवर ओतायची म्हटली तर घरात दही लागणार नाही आणि मावशीचं पोटही चालणार नाही.

पण मावशी चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. 'जंतू' शब्द ऐकून आपल्या लोकांच्या अंगावर काटा येतो, त्याला इतिहास आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, 1897 मध्ये पुण्यात. सावित्रीबाई गेल्या त्या प्लेगच्याच रोग्यांची सेवा करताना, 10 मार्च 1897 ला. रँडचे सोल्जर घरात घुसून माणसं ओढत होते, सामान जाळत होते, ते आपण शाळेत शिकलोय. शाळेत न सांगितलेली गोष्ट अशी की प्लेगचा जिवाणू तोवर सापडलेला होता. येर्सिन यांनी हाँगकाँगमध्ये 1894 लाच तो दाखवला होता. तो माणसापर्यंत येतो कसा, ते मात्र ठरलेलं नव्हतं. उंदरावरच्या पिसवेतून येतो हे सिमों या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत दाखवलं ते 1898 मध्ये, आणि लोकांनी मानायला आणखी काही वर्षं गेली. जंतू माहीत, वाट माहीत नाही. म्हणून उंदीर-पिसवा सोडून देवघरं फोडली.

त्याच काळात वाल्डेमार हाफकिन मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत प्लेगची लस करत होते. 10 जानेवारी 1897 ला त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावानं. त्यांची एक दुःखाची गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगायचे. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात एकाच बाटलीतून लस दिलेली 19 माणसं धनुर्वातानं मेली. हाफकिनांवर ठपका आला, काम सुटलं. निर्दोष ठरायला 1907 उजाडलं. चौकशीत पुढे आलं ते एवढंच: बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करता तसाच वापरला गेला. धनुर्वाताचे जिवाणू मातीतच असतात. म्हणून आम्ही पोरींना जिवाणू उचलायची तारेची लूप लाल होईपर्यंत तापवायला लावतो, एकदा नाही, दर वेळी. कंटाळा येतो. येऊ दे. (मी स्वतः नोकरीच्या पहिल्या महिन्यात पंखा चालू ठेवून चाळीस प्लेटा, म्हणजे अगारच्या त्या बशा, ओतल्या होत्या. तिसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस बुरशीनं हिरव्या. पंखा कुणी लावला होता हे वर्गाला शेवटपर्यंत सांगितलं नाही.)

मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर मातीचा जो वास सुटतो, तोही बऱ्याच अंशी एका जिवाणूचाच. स्ट्रेप्टोमायसिस त्याचं नाव, मातीत बुरशीसारखे धागे करून राहतो. 1943 मध्ये याच घराण्यातून स्ट्रेप्टोमायसिन निघालं, क्षयावरचं पहिलं प्रतिजैविक. आपल्याकडे पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना झाला, पेनिसिलिन करायला. तिथल्या शास्त्रज्ञांना याच घराण्यातल्या एका जिवाणूपासून बुरशीवरचं नवं औषध मिळालं. औषधाचं नाव ठेवलं हमायसिन, आणि जिवाणूचं स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचं नाव लॅटिन होऊन बसलंय. तुमच्या सहा एकरांत काय काय आहे हे अजून कुणी पाहिलेलं नाही.

आता भल्याचं. सरळ सांगा म्हणालात, तर सरळ सांगते.

नुसत्या बी.एस्सी.वर मोठा पगार मिळत नाही. औषध कंपनीत, डेअरीत, डिस्टिलरीत, पाण्याच्या किंवा जैविक खताच्या लॅबमध्ये सुरुवात होते, बऱ्याचदा शिफ्टमध्ये, आणि पहिली दोन वर्षं हात टेकायची पाळी येते. एम.एस्सी. केलं तर दारं उघडतात, म्हणून खर्चाचा हिशोब पाच वर्षांचा धरा. स्वतःची पॅथॉलॉजी लॅब टाकू असं कुणी स्वप्न दाखवलं तर सावध राहा; रिपोर्टवर सही कुणी करायची याचे नियम वेगळे आहेत, ते आधी नीट बघा. विषयाला रसायनशास्त्र भरपूर लागतं, गणितही लागतं. मराठी माध्यमातली मुलं पहिल्या सहामाहीत इंग्रजी आणि लॅटिन नावांनी रडकुंडीला येतात. दिवाळीनंतर सावरतात, हे मी दर वर्षी पाहिलंय.

रिपीटचं म्हणाल तर डॉक्टर व्हायचंच असं तिच्या मनात असतं तर मीच म्हटलं असतं, द्या अजून एक वर्ष. ती नको म्हणतेय. आणि पर्याय म्हणून काहीतरी सांगावं म्हणून सांगत नाहीये, विषयाचं नाव घेऊन सांगतेय. लातूरच्या खोलीत नको असलेलं वर्ष काढलेली पोरं माझ्याकडे यायची, त्यांना वर्गात पुन्हा हसायला शिकवण्यात सहा महिने जायचे.

प्रवेश घेण्याआधी मात्र एक काम तुम्हीच करा. कॉलेजात जा, आणि क्लार्कला नका विचारू, प्रयोगशाळा दाखवा म्हणा. ऑटोक्लेव्ह चालू आहे का विचारा. तो म्हणजे मोठा कुकरच, 121 अंशांवर पंधरा मिनिटं. त्यावर धूळ असेल तर समजा. सूक्ष्मदर्शक किती मुलांत एक? प्लेटा पोरं स्वतः ओततात की मॅडम ओतून दाखवतात? फ्रीज उघडायला लावा. आत लेबलं लावलेल्या नळ्या हव्यात, स्टाफचे डबे नकोत. इमारत आणि बोर्ड बघून भुलू नका. जुनी, कुबट वास येणारी, पण रोज वापरातली लॅब मिळाली तर पोरीचं नशीब समजा.

पेरणी झाल्यावर पाचएक आठवड्यांनी, वाफसा बघून, सोयाबीनची दोन झाडं मुळासकट अलगद काढा. ओढून उपटू नका, खुरप्यानं भोवतीची माती सैल करून काढा, नाहीतर गाठी जमिनीतच राहतात. एक झाड तुम्ही घरीच ब्लेडनं गाठ चिरून बघा आणि मावशीलाही दाखवा. दुसरं ओल्या फडक्यात गुंडाळून लेकीच्या हाती कॉलेजात पाठवा. तिला म्हणावं, गाठ धुवायची, काचपट्टीवर चुरडायची आणि ग्राम करायचं. दह्यातले जांभळे दिसतात, हे लाल दिसतील. का, ते तिला घरी आल्यावर विचारा, आणि ती काय सांगते ते मला लिहून पाठवा.